सुई धरणाऱ्या हाताला परत कोण शिकवणार?



आज उसाचं नाही, मक्याचं नाही. आज आपल्या गोठ्यात येणाऱ्या माणसाबद्दल लिहितोय. थोडं कडू लागेल, दोन-चार जणांना रागही येईल. येऊ द्या.

आधी एक गोष्ट समोर ठेवतो. खत-औषधाचं दुकान चालवणाऱ्यांसाठी 'देसी' नावाचा एक पदविका कोर्स आहे. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेनं तो 2003 साली सुरू केला. 48 आठवडे, आठवड्यातून एक दिवस. 40 दिवस वर्गात आणि 8 दिवस शेतावर. आपल्याकडच्या कितीतरी दुकानदारांनी दुकान संभाळून, सुट्टीच्या दिवशी जाऊन तो केला. चांगलंच झालं. बाटली विकणाऱ्याला बाटलीत काय आहे ते कळलं पाहिजे.

आता मला सांगा, बाटली विकणाऱ्यासाठी एवढं, तर गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणाऱ्यासाठी काय? शिरेत सुई घालणाऱ्यासाठी काय? तो एकदा पदविका घेऊन आला, नोकरीला लागला किंवा मोटरसायकलला नायट्रोजनचा कंटेनर बांधून धंद्याला लागला, की पुढची तीस वर्षं त्याला परत कोण शिकवतं?

माझं म्हणणं एका ओळीत सांगतो. जनावराला जो माणूस प्रत्यक्ष हात लावतो, त्याचं शिक्षण दरवर्षी झालं पाहिजे, हातानं करून झालं पाहिजे, आणि ते झालं की नाही हे आपल्याला, म्हंजे गाईच्या मालकाला, कळलं पाहिजे.

हा माणूस नेमका कोण?

आपण सगळ्यांनाच 'डॉक्टर' म्हणतो. पण नीट बघितलं तर चार-पाच प्रकारची माणसं गोठ्यात येतात. पदवीचा पशुवैद्यक, तो खरा डॉक्टर. त्याच्या हाताखाली पशुधन पर्यवेक्षक. दवाखान्यात ड्रेसिंग करणारा, खोड्यात जनावर धरणारा परिचर. मग खाजगी सिमेन भरणारी पोरं. आणि दूध संकलन केंद्राची माणसं. परदेशात यातल्या बऱ्याच कामाला 'व्हेटरनरी नर्स' म्हणतात. आपल्याकडं जनावरांची नर्स असा शब्दच रुळला नाही. शब्द नाही म्हणून हिशोबातही नाही.

1962 नंबरला फोन केल्यावर जी गाडी येते, त्यात एक पशुवैद्यक, एक पॅराव्हेट आणि एक ड्रायव्हर-कम-परिचर अशी तीन माणसं धरलेली आहेत. म्हंजे सरकारच्याच मांडणीत एका डॉक्टरमागं दोन मदतनीस. 2019 च्या पशुगणनेत महाराष्ट्रात जवळपास 1 कोटी 40 लाख गाय-बैल आणि 56 लाख म्हशी मोजल्या. शेळ्या-मेंढ्या वेगळ्या. एवढ्या जनावरांना डॉक्टर स्वतः हात लावू शकत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. हात लागतो तो या मदतनीसांचा.

कायदाही हे मानतो. भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा 1984, कलम 30. उपचार करायचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाला. पण पर्यवेक्षक, स्टॉकमन अशी पदविका किंवा प्रमाणपत्र असलेल्या माणसाला राज्य सरकार आदेश काढून किरकोळ सेवा द्यायला परवानगी देऊ शकतं, तेही नोंदणीकृत डॉक्टरच्या देखरेखीखाली. लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी, असलं प्राथमिक काम. कायद्याच्या भाषेत 'किरकोळ'. पण आपल्या गोठ्यात काय होतं ते तुम्हालाही माहीत, मलाही माहीत. रात्री अकराला गाय आडवी पडली की जो फोन उचलतो तोच येतो आणि तोच सलाईन लावतो. देखरेख फोनवर.

किरकोळ म्हंजे काय, ते बघा

लसीकरण किरकोळ. ठीक. 2022 च्या ऑगस्टमध्ये जळगावकडून लम्पी आला तेव्हा शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचायची होती. एका जनावराला एक सुई, असा स्पष्ट नियम. कारण सुईला लागलेल्या रक्तातून रोग पुढच्या जनावरात जाऊ शकतो. आमच्या भागात मी डोळ्यांनी बघितलंय, एकाच सुईनं आख्खी गल्ली टोचून काढली. टोचणारं पोरगं वाईट नव्हतं. उन्हातान्हात उपाशीपोटी फिरत होतं बिचारं. पण सुई का बदलायची हे त्याला कुणी समजावून सांगितलेलंच नव्हतं. 'इतके डोस आज संपव' एवढंच सांगितलेलं.

लाळ्या खुरकुताची लस 2 ते 8 अंशात ठेवायची असते. गार पाहिजे, पण गोठता कामा नये. गोठली तरी वाया, तापली तरी वाया. बर्फाला चिकटून राहिलेली बाटली आणि मोटरसायकलच्या डिकीत तापलेली बाटली, दोन्ही दिसायला सारख्याच. टोचल्यावरही फरक दिसत नाही. फरक दिसतो सहा महिन्यांनी, जेव्हा टोचलेल्या गाईच्या तोंडातून लाळ गळायला लागते आणि आपण म्हणतो, 'लसच खोटी'. लस खोटी नव्हती. वाटेत मेली.

आता सिमेन भरणं घ्या. कांडी नायट्रोजनमध्ये उणे 196 अंशाला असते. ती बाहेर काढून 37 अंशाच्या पाण्यात साधारण 30 सेकंद ठेवायची, पुसायची, गन भरायची, आणि गर्भाशयाच्या मुखातून आत जाऊन नेमक्या जागी सोडायची. आमच्याकडं काही जण कांडी तळहातावर चोळतात. काही जण शर्टाच्या खिशात टाकून गोठ्यापर्यंत चालत येतात. एक कांडी शोधायला दहा कांड्या कंटेनरच्या तोंडापर्यंत वर आणतात, बाकीच्या नऊ तिथंच अर्ध्या मेल्या. थर्मामीटर विचारला तर हसतात.

आणि गाय उलटली की खापर कुणावर? गाईवर. 'तुमच्या गाईत दोष आहे, मिनरल मिक्श्चर घाला.' एक माज हुकला की 21 दिवस गेले. दिवसाला 250 रुपये खाणं धरा, 5,250 रुपये झाले. तीनदा उलटली तर 15,750. शिवाय लांबलेलं वेत वेगळं. हा खर्च कुठल्याही सरकारी कागदावर नाही, तो आपल्या वहीत आहे.

शिकून तीस वर्षं झाली, जग थांबलं नाही

समजा एक जण 1995 ला पदविका घेऊन कामाला लागला. त्याला तेव्हा ताप-सुजेवर डायक्लोफेनॅक शिकवलं. ते तेव्हा सगळेच वापरायचे. 2006 साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली, कारण ते टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. लोकांनी माणसांची मोठी बाटली जनावरांना वापरायला सुरुवात केली, म्हणून 2015 ला माणसांची बाटलीही 3 मिलीची केली. 2023 ला किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झाली. मेलॉक्सिकॅम चालतं. हे सगळं या माणसाला कुणी सांगितलं? औषध कंपनीचा एमआर सांगणार? तो त्याचं औषध विकायला येतो. त्यात त्याचा दोष नाही, पण त्याला शिक्षण म्हणू नका.

ब्रुसेलोसिसचं बघा. 2019 च्या सप्टेंबरात मथुरेतून केंद्राचा कार्यक्रम सुरू झाला, लाळ्या खुरकूत आणि ब्रुसेलोसिस दोन्हींसाठी. ब्रुसेलाची लस फक्त मादी वासरांना द्यायची, 4 ते 8 महिने वयात, आयुष्यात एकदा. ही जिवंत जंतूंची लस आहे. टोचताना सुई स्वतःच्या बोटात गेली, डोळ्यात थेंब उडाला, तर टोचणाऱ्यालाच आजार होऊ शकतो. हातमोजे, मास्क, चष्मा पाहिजेच. आता तुमच्या गावात ही लस द्यायला आलेला माणूस आठवा. चष्मा होता?

हाच रोग वार काढताना होतो. गाय गाभडली, वार अडकली, आणि परिचर उघड्या हातानं आत शिरला. नंतर त्याला महिनोन्महिने येणारा-जाणारा ताप, सांधेदुखी, थकवा. टायफॉईड समजून, मलेरिया समजून औषधं चालू. डॉक्टरला तो सांगतच नाही की मी जनावरात काम करतो, कारण दोन्हींचा संबंध आहे हेच त्याला माहीत नसतं. म्हणून म्हणतो, हे प्रशिक्षण नुसतं आपल्या गाईसाठी मागत नाही. त्या माणसाच्या बायकापोरांसाठी पण मागतोय.

एका कॅल्शियमच्या बाटलीची गोष्ट

आमच्या भावकीत एक गाय विल्यावर दुसऱ्या दिवशी बसली. मान पोटाला लावलेली, कान गार. दुधाचा ताप, कुणीही ओळखेल. एक खाजगी माणूस आला. कॅल्शियमची बाटली शिरेत लावली आणि घाई होती म्हणून नळी पूर्ण सोडली. वरून 'लवकर उठेल' म्हणाला. बाटली निम्मी जायच्या आत गाय ताणली आणि गेली. 18 लिटरची गाय.

कॅल्शियम शिरेत सावकाश द्यायचं असतं. बाटली अंगाच्या उबेइतकी कोमट करायची, हृदयाचे ठोके ऐकत राहायचं, ठोके बिघडले की तिथंच थांबायचं. भरभर सोडलं तर हृदय थांबतं. हे पदविकेच्या पुस्तकात असणार. पण पुस्तकात वाचणं वेगळं, आणि कुणी शेजारी उभं राहून तुमच्या कानाला स्टेथोस्कोप लावून 'आता ऐक, आता बाटली खाली कर' म्हणणं वेगळं. हे दुसरं शिक्षण त्या माणसाला मिळालंच नव्हतं. त्याच्यावर ओरडून गाय परत येत नाही. पण उद्या तोच माणूस दुसऱ्याच्या गोठ्यात तीच बाटली घेऊन जाणार आहे, त्याचं काय?

'प्रशिक्षण होतं की!'

होतं. मी माझ्या ओळखीच्या पाच-सहा जणांना विचारलं, काही सरकारी, काही खाजगी. 'शेवटचं हातानं करून दाखवायचं प्रशिक्षण कधी झालं?' एकानं सांगितलं, नोकरीला लागलो तेव्हा. दुसरा म्हणाला, मागच्या वर्षी झालं, पण ते मोबाईलमध्ये 12 आकडी बिल्ल्याची नोंद कशी करायची याचं. तिसरा म्हणाला, झालं की, हॉलमध्ये दोनशे माणसं, पडद्यावर चित्रं, दुपारी जेवण, सही आणि फोटो. गाय कुठं होती? गाय नव्हती.

गाय नसलेल्या हॉलमध्ये गाईचं काम शिकवणं म्हंजे विहिरीशिवाय पोहायला शिकवणं.

सगळीकडं असंच आहे असं म्हणत नाही. उरळीकांचनला मणिभाई देसाईंनी 1967 ला 'बाएफ' उभी केली, त्यांची माणसं दारात येऊन सिमेन भरतात, त्यांना आधी नीट तयार करून पाठवायची पद्धत पडली. केंद्राच्या 'मैत्री' योजनेत गावातल्या पोरांना तीन महिन्यांचं शिक्षण आहे, एक महिना वर्गात आणि दोन महिने प्रत्यक्ष. पायाला ते चांगलं. पण पाया घालून घर सोडून देतो का आपण? पाच वर्षांनी त्या पोराचा हात कुठं भरकटला, हे कोण बघतं?

आता परदेशाचं. मुलानं शोधून दाखवलं. इंग्लंडमध्ये 1961 सालापासून या मदतनीसांसाठी रीतसर शिक्षणाची योजना आहे. आज तिथं नोंदणी झालेल्या व्हेटरनरी नर्सनं वर्षाला 15 तास नवीन शिकल्याची नोंद ठेवायची असते, डॉक्टरनं 35 तास. 15 तास म्हंजे काय फार? दोन दिवस. आपण इंग्लंड व्हावं असं म्हणत नाही मी. पण वर्षाला दोन दिवससुद्धा आपल्याला जड का?

विरोध कोण करतं

पहिला विरोध काही डॉक्टर मंडळींचा. 'यांना जास्त शिकवलं तर हे स्वतःला डॉक्टर समजतील, बोगसगिरी वाढेल.' साहेब, तुमची काळजी खोटी नाही. पण बोगसगिरी शिकवल्यानं वाढत नाही. शिकवताना 'इथपर्यंत तुझं काम, याच्यापुढं मला फोन' ही रेघ मारून दिली तर उलट कमी होते. वासरू आडवं आलंय, आतडं पिळलंय, ताप 106 आहे, अशा वेळी हात न लावता डॉक्टरला बोलवायचं, हे सुद्धा शिकवावंच लागतं. ज्याला शिकवलं नाही त्याला आपली हद्द कळत नाही.

दुसरं, पर्यवेक्षकांच्या संघटना. मोर्चे निघतात. पदनाम पाहिजे, वेतनश्रेणी पाहिजे, अधिकार पाहिजेत. मागा, हक्क आहे. पण मागण्यांच्या यादीत 'दरवर्षी प्रशिक्षण द्या आणि आमची परीक्षा घ्या' ही मागणी मला कुठं दिसली नाही. ती मागणी पहिल्या नंबरला टाका, गावोगावचे शेतकरी तुमच्या मोर्चात येतील. मी येतो.

तिसरं, खातं. 'माणसं कमी, प्रशिक्षणाला पाठवलं तर दवाखाना बंद.' मग एका वेळी तालुक्यातले दोन पाठवा. पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याच्या लसीची घाई असते, ते दिवस सोडा. बाकी वर्ष मोकळंच आहे.

आणि चौथे आपण. हो, आपण पण. दारात आलेल्या माणसानं 'सुईची गरज नाही, चारा बदला' म्हटलं की आपलं तोंड उतरतं. शेजारचा दोन सुया मारून जातो, तो आपल्याला हुशार वाटतो. कासदाहाला आज एक अँटिबायोटिक, उद्या दुसरं, आणि दूध मात्र त्याच दिवशी डेअरीला. चांगल्या कामाचे पैसे द्यायला आपण कुरकुरतो आणि सुईचे हसत देतो. शिकलेल्या माणसाला शिकल्यासारखं वागू द्यायचं असेल तर आपल्यालाही हे सोडावं लागेल.

मग काय करायचं

फार मोठं मागत नाही.

1) वर्षाला निदान तीन दिवस प्रशिक्षण. त्यातला एक वर्गात, दोन गोठ्यात. एका गटात पंधरा-वीस माणसं, जास्त नाहीत.

2) सिमेन भरण्याचा सराव आधी कत्तलखान्यातून आणलेल्या गर्भाशयावर, मग जिवंत गाईवर. कांडी, थर्मामीटर, गन, हात, सगळं तपासून.

3) परिचराला वगळू नका. तोच जनावर धरतो, तोच भांडी उकळतो, तोच वार पुरतो. त्यालाच सगळ्यात आधी मोजे आणि ब्रुसेलाची माहिती पाहिजे.

4) खाजगी पोरांनाही आत घ्या. त्यांना बाहेर ठेवून ती बंद होणार नाहीत, फक्त न शिकलेली राहतील.

5) शेवटी हाताची परीक्षा. पास झालेल्याला त्या वर्षाचं कार्ड, आणि कार्डाच्या मागं 'हा काय करू शकतो' याची यादी. दवाखान्यात आणि डेअरीत यादी लावा.

6) पैसा. दूध संघांनी लिटरमागं एक पैसा बाजूला काढावा. रोज एक लाख लिटर गोळा करणाऱ्या संघाचे दिवसाला 1,000 रुपये होतात, वर्षाला 3 लाख 65 हजार. एका तालुक्याचं प्रशिक्षण त्यात आरामात बसेल. आणि गाय वेळेवर गाभण राहिली तर दूध त्यांनाच वाढणार आहे.

कृषी सहायक आणि केव्हीकेची मंडळी हे वाचतात. साहेब, पिकाच्या शेतीशाळा तुम्ही बांधावर घेता, तशी एक गोठ्यावर घ्या. पशुवैद्यकीय महाविद्यालयातले दोन मास्तर आणा. गोठा मी देतो. सहा संकरित गाई आणि दोन पंढरपुरी म्हशी आहेत, खोडा आहे, गरम पाणी आहे, चहा आहे.

आणि शेतकरी बांधवांनो, पुढच्या वेळी गोठ्यात कुणी आलं तर भांडू नका, फक्त विचारा. सुई नवी आहे का? लस कुठं ठेवली होती? कांडी किती पाण्यात, किती वेळ धरली? गाय उद्या उठली नाही तर फोन कुणाला करायचा? ज्याला येतं त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. उलट तो पाटावर बसून अर्धा तास समजावून सांगतो, असे दोघं माझ्या ओळखीत आहेत.

येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा: 'आमच्या गावात जनावरांवर काम करणाऱ्या सरकारी आणि खाजगी सर्व व्यक्तींचं वार्षिक प्रशिक्षण व्हावं आणि त्याची यादी ग्रामपंचायतीत लागावी.' आमच्या गावात मी मांडणार आहे. तुमच्या दवाखान्यात शेवटचं प्रशिक्षण कधी झालं ते विचारून इथं खाली तालुक्याच्या नावासकट लिहा. माणसाचं नाव लिहू नका, तारीख लिहा. पन्नास तालुक्यांच्या तारखा जमल्या की घेऊन जायला कागद तयार होतो.

राम राम.